किरकोळ शब्दाच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या

मनुष्याचा संकल्प मोठा असावा, आणि हाती असलेल्या साधनांची मर्यादाही त्याला ठाऊक असावी. हे दोन गुण वेगवेगळ्या माणसांत सहज आढळतात. एकाच घरात त्यांनी सुखाने नांदणे मात्र कठीण. संकल्प करणाऱ्याला मोजमाप नकोसे होते, आणि मोजमाप करणाऱ्याचे पाऊल उंबरठ्यातच अडते. ज्या बहीणभावांनी मला पुन्हा उभे केले, त्यांना हा मेळ कसा साधला, ते मी सांगणार आहे.

मित्रांनो, मी एक जुनी, दोन दारांची, वेगासाठी घडवलेली मोटार आहे. माझा रंग गडद हिरवा. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी एका वृद्ध कारागिराने माझ्या अंगावरील प्रत्येक वळणावर तळहात फिरवून पाहिला होता. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो, असे तो म्हणे. पुढे मी एका घड्याळजींच्या घरी आले. गावाबाहेरच्या डोंगरावर जाणारा वळणावळणांचा रस्ता वर्षातून एक दिवस रहदारीस बंद होई, आणि एकेक मोटार घड्याळ लावून वर सोडली जाई. घड्याळजी त्या चढावर मला दरवर्षी नेत. लोक माझ्याभोवती जमत, मुले माझ्या काचेला नाक लावून आत पाहत. त्या दिवसांचा अभिमान मला अजूनही आहे. तो लपवण्यात अर्थ नाही.

आमची सर्वांत चांगली वेळ होती चार मिनिटे अकरा सेकंद. घड्याळजींनी ती माझ्या पुढच्या कप्प्याच्या झाकणावर, आतल्या बाजूस, पेन्सिलीने लिहून ठेवली आणि खाली तीनच शब्द लिहिले : ‘इंजिन बदलून पुन्हा.’

ते ‘पुन्हा’ कधी आलेच नाही. माझे इंजिन तेल पिऊ लागले, मागून निळा धूर येऊ लागला. घड्याळजींचे गुडघे क्लच दाबताना कुरकुरू लागले. माझ्यावर कापडी आच्छादन पडले, आणि त्याखाली मी नऊ वर्षे काढली. बैठकीतला कापूस उंदरांनी नेला. घड्याळजी गेले, तेव्हाही मला कोणी बाहेर काढले नाही.

एके दिवशी त्यांच्या कन्येने आच्छादन दूर केले. ती दंतवैद्यांसाठी कृत्रिम दात घडवते. तिची बोटे बारीक कामाला सरावलेली. कागदपत्रे शोधताना तिने कप्पा उघडला, पेन्सिलीची ओळ वाचली आणि धाकट्या भावाला बोलावून आणले. तो शहरातली बस चालवतो. दोघे बराच वेळ माझ्या उंबरठ्यावर बसून होती. वडिलांची वेळ वडिलांच्याच गाडीत मोडायची, असे त्या दिवशी ठरले. तीन वर्षे त्याने सुट्टीच्या दिवशी जादा फेऱ्या केल्या आणि तिने जादा साचे ओतले. पैसे साठले, तेव्हा ती मला एका वयस्क मिस्त्रींच्या कार्यशाळेत घेऊन आली.

तेथे माझ्या शेजारी एक पिवळी मोटार उभी होती. तिचे जुने इंजिन काढलेले, नवे इंजिन लाकडी फळ्यांवर प्लास्टिकात गुंडाळलेले. इंजिन घेण्यात तिच्या मालकाचे सगळे पैसे सरले, आणि ते बसवण्यास काही उरले नाही. सहा वर्षे ती तशीच होती. मालक वर्षातून एकदा येई, तिची काच पुसून जाई. तिच्या पुढच्या रिकाम्या पोकळीकडे पाहून मला पहिल्यांदा भय वाटले. मित्रांनो, म्हातारपणाचे भय निराळे, आणि उघडून ठेवल्यावर पुन्हा कधीच न मिटण्याचे भय निराळे.

भावाने एक कागद आणला होता. त्यावर तीन ओळी होत्या : आठ सिलिंडरांचे इंजिन, मजुरी आणि किरकोळ. साठलेल्या पैशांचे शंभर भाग मानले, तर सत्तर भाग इंजिनाला, वीस मजुरीला आणि दहा किरकोळीला. विक्रेत्याने आठ दिवसांची मुदत दिली होती. तेवढ्यात आगाऊ रक्कम न दिल्यास इंजिन दुसऱ्याला जाणार होते. मिस्त्रींनी चष्मा पुसला, कागद वाचला, आणि किरकोळ म्हणजे काय काय, एवढेच विचारले. भाऊ म्हणाला की बारीकसारीक असतंच काहीतरी.

मिस्त्रींची एक पद्धत होती. त्यांनी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आणि दोऱ्याचे रीळ बहिणीच्या हाती दिले. किरकोळीतली एकेक वस्तू ते सांगत. तिने ती किमतीसह चिठ्ठीवर लिहायची, आणि ती चिठ्ठी माझ्या त्या त्या अंगाला बांधायची. अधिक ताकदीचे इंजिन अधिक तापते, म्हणून रेडिएटर मोठा हवा. पहिली चिठ्ठी जाळीवर लटकली. मग इंधनाचा पंप, क्लच, गिअरबॉक्स, मागच्या चाकांना फिरवणारा दांडा, वायरिंग, धुराचा नळ, स्प्रिंगा, टायर, तपासणीचा परवाना. दुपारपर्यंत माझ्या अंगावर एक्केचाळीस चिठ्ठ्या झाल्या. पंख्याचा वारा आला की मी नखशिखान्त फडफडे. भाऊ आधी हसला. ताई, हिला लग्नाला न्यायचंय की डोंगरावर, असे म्हणाला. बेरीज झाली तेव्हा मात्र त्याने ती दोनदा तपासली. त्या आठ सिलिंडरांच्या इंजिनासह हिशेब एकशे साठ भागांवर गेला होता.

तरीही त्याचे म्हणणे एकच : इंजिन आधी घेऊ, बाकीचे पुढे पाहू. बहिणीने मान हलवली. साचा केसभर चुकला तरी माणसाला घास चावता येत नाही, ती म्हणाली. येथे तर अर्धा जबडाच नाही.

“तुम्ही दोघं मिळून माझ्या स्वप्नाला चिठ्ठ्या लावताय,” तो म्हणाला.

मिस्त्री माझ्या पुढच्या चाकाजवळ बसले होते. तेथे ब्रेकची चिठ्ठी लोंबत होती. ती त्यांनी उलटी करून त्याच्यासमोर धरली.

“तुझ्या बसमध्ये साठ माणसं बसतात. त्यांचे ब्रेक तू कोणत्या खात्यात लिहितोस रे? किरकोळ?”

भाऊ निघून गेला. आठ दिवस तो आला नाही. बहीण रोज कामावरून येई, माझ्या चिठ्ठ्यांवरची धूळ फुंकून जाई. नवव्या दिवशी तो आला; गणवेशातच होता. पिवळ्या मोटारीसमोर तो खूप वेळ उभा राहिला. मग बहिणीजवळ येऊन त्याने सांगितले की आगाऊ रक्कम आपण दिलेली नाही; ते इंजिन गेले.

“सहा सिलिंडरांचं बघू, ताई. पण बाबांची वेळ मोडायचीच.”

“मोडायचीच,” ती म्हणाली. “नाहीतर एवढ्या गाठी मी कशाला मारल्या?”

मागून ठोकर बसलेल्या एका घरगुती मोटारीचे सहा सिलिंडरांचे इंजिन त्यांना पस्तीस भागांत मिळाले, जोडीला तिचाच गिअरबॉक्सही. इंजिन लहान, म्हणून मजुरी धरूनही बाकीच्या चिठ्ठ्या पन्नास भागांत बसल्या. उरलेल्या पंधरा भागांतून चांगल्या बैठकी घ्याव्या, असे भावाच्या मनात आले. मिस्त्रींनी एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर फक्त पंधराचा आकडा घातला आणि ती माझ्या चाकावर, म्हणजे हाताने फिरवायच्या चाकावर, बांधली. जे अजून आपल्याला ठाऊक नाही, त्याची ही चिठ्ठी, असे ते म्हणाले. उंदरांनी खाल्लेल्या बैठकीवर बहिणीने घोंगडी शिवली.

साखळीच्या कप्पीने माझे जुने इंजिन वर उचलले, तो क्षण मी विसरणार नाही. ते एका तंत्रविद्यालयास गेले. तेथे मुले ते उघडतात आणि पुन्हा जोडतात. ते उचलल्यावर खालची पोलादी तुळई उघडी पडली. इंजिनाचा सगळा भार वाहणारी ती तुळई गंजून मधोमध चिरली होती. कोणाच्याही यादीत ती नव्हती. तिघेही वाकून पाहत राहिली. मग भावानेच कोरी चिठ्ठी सोडली, तिच्यावर ‘तुळई’ असे लिहिले आणि चिरेजवळ बांधली. त्या काळजीपूर्वक मारलेल्या गाठीत मला त्याच्या वडिलांची बोटे दिसली. बारा भाग त्यात गेले. ते पंधरा भाग नसते, तर पिवळीशेजारी मीही आज उघडीच उभी असते.

एकेक काम पुरे झाले की तिची चिठ्ठी सुटे. शेवटची चिठ्ठी सुटली, तेव्हा स्पर्धेला अकरा दिवस होते.

डोंगराच्या पायथ्याशी भावाने किल्ली बहिणीच्या हातावर ठेवली. चढ तुझा, उतार माझा, असे तो म्हणाला. जपून ब्रेक लावण्याचे काम मी बसवर रोजच करतो, असेही त्याने सांगितले. तिने मला वर नेले. माझ्या नव्या हृदयात बळ होते, आणि ते बळ पेलणारी प्रत्येक वस्तू जागेवर होती. आमची वेळ झाली तीन मिनिटे अठ्ठावन्न सेकंद. क्रमांक सातवा आला, आणि त्याचे कोणाला दुःख झाले नाही. उतारावर भावाने मला सावकाश आणले. प्रत्येक वळणावर ब्रेक शांतपणे लागले. खाली आल्यावर त्याने कप्पा उघडून वडिलांच्या ओळीखाली नवी वेळ लिहिली. पेन्सिल तीच होती, इतकी वर्षे कप्प्यात पडलेली.

यंदा पिवळीचा मालक काच पुसायला आला, तेव्हा मी तेलबदलासाठी तेथेच होते. पुढच्या वर्षी पैसे जमतील, इंजिन तर आहेच, आता फक्त किरकोळ उरले आहे, असे तो म्हणाला. भावाने हात पुसले आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या व दोऱ्याचे रीळ घेऊन तो त्याच्याशेजारी बसला.

“बसा, काका. किरकोळ म्हणजे काय काय, ते एकेक सांगा. मी लिहितो.”

मित्रांनो, आम्हा यंत्रांना लाड नकोत. आमच्या प्रत्येक लहान भागाला त्याच्या नावाने ओळखा, एवढेच मागणे. जी बहीण गाठी मारते तिचे हात स्थिर राहोत. जो भाऊ उतार सांभाळतो त्याची दृष्टी निर्मळ राहो. मिस्त्रींचा चष्मा स्वच्छ राहो. आणि माझ्या पिवळ्या शेजारणीची शेवटची चिठ्ठी एखाद्या शांत सकाळी सुटो.