स्टीलची सवत

आधीच सांगून टाकते, मला ती दांडी आवडली नाही. आजही आवडत नाही. घरात सवत आली, तीही स्टीलची, आणि तिला दार मीच उघडलं. याचं दुःख ज्याचं त्यालाच कळतं.

आमचे हे जन्मभर बसचे ड्रायव्हर. गाडीतल्या आरशात ह्यांना मागचे सगळे प्रवासी दिसायचे. कोण उभं आहे, कोणाचं पोर रडतंय, कोण तिकीट न काढता मागे सरकलंय. पण रस्त्याने चालताना मागे राहिलेली बायको कधी दिसली नाही. हे पुढे तरातरा, मी मागे पिशव्या सांभाळत. पोचल्यावर वर मलाच विचारायचे, एवढा वेळ का लागला म्हणून. हातात हात वगैरे तर सोडूनच द्या. लग्नाच्या फोटोतसुद्धा आमच्या दोघांमधून एखादा जाडजूड माणूस आरामात निघून जाईल एवढी जागा आहे.

मग दीड वर्षापूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही सुधारलं, डावा पाय मात्र फरफटत राहिला. तेव्हापासून ह्यांचा उजवा हात आणि माझा उजवा खांदा. मी पुढे, हे मागे. पलंगावरून संडासात, संडासातून खुर्चीवर, खुर्चीवरून परत पलंगावर. बघणारे म्हणायचे, बिचारी किती करते. मीही तोंड बिचारीसारखंच करायचे. पण खरं सांगू का, मला तो हात आवडायचा. जड होता, स्टिअरिंगने घट्टे पडलेला होता, संध्याकाळपर्यंत खांदा ठणकायचा. असू दे. म्हातारपणी का होईना, हा माणूस माझ्या मागून चालत होता आणि मी थांबले की थांबत होता. एवढं सुख मला कोणी सहजासहजी दिलं नव्हतं आणि मी ते कोणाला सहजासहजी देणार नव्हते.

गेल्या महिन्यात मात्र आम्ही दोघं एकदमच पडलो. बाथरूमच्या दारातलं पायपुसणं सरकलं, माझा पाय गेला, आणि हे सगळ्या वजनानिशी माझ्या अंगावर. हाड कोणाचं मोडलं नाही, पण माझी कंबर काळीनिळी झाली आणि उठवायला शेजारच्यांना बोलवावं लागलं. संध्याकाळी लेक आली. आमच्या दोघांकडे बघून तिने निकालच दिला. घर नीट करून घ्यायचं, आणि त्यानंतरही कोणी पडलं, तर दोघांनी सामान बांधून तिच्याकडे राहायला यायचं. लेकीचं घर चांगलं आहे, जावई लाखात एक. पण तिथे रिकामी खोली एकच आणि त्यात पलंगही एकच. म्हणजे हे त्या खोलीत आणि मी नातीच्या खोलीत. चाळीसच्या वर वर्षं एका खोलीत काढल्यावर मला ते जमणार नव्हतं. मी मुकाट्याने मान डोलावली.

लेकीनेच माणूस शोधला. माणूस म्हणजे बाई. चाळिशीची, आखूड केस, कमरेला मोजपट्टी, हातात ड्रिलची पेटी. म्हाताऱ्या माणसांना धडपणे राहता येईल अशी घरं करून द्यायची, धरून चालायला भिंतींना स्टीलच्या दांड्या लावायच्या, हा तिचा धंदा. तिने नाव सांगितलं होतं, मी मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. मी तिला दांडीवाली म्हणायला लागले, अर्थात मनात.

बाहेरच्या खोलीतलं जाजम काढा म्हणून मी वर्षभर घसा फोडत होते. ह्यांचं उत्तर ठरलेलं, जाजम त्याच्या जागी आहे, तू तुझ्या जागी राहा. दांडीवालीने बुटाच्या टोकाने जाजमाची कड उचलली आणि म्हणाली, काका, हे काढायला हवं. काका लगेच म्हणाले, काढा काढा, मी तर केव्हाचं सांगतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीने माझा दंड दाबला म्हणून गप्प बसले.

मग बाईंनी एकेक सुरू केलं. बोळातला मिणमिणता दिवा काढून लख्ख दिवा लावला, उंबरा तासून सपाट केला, पलंगाच्या पायांखाली ठोकळे सारून तो उंच केला, बाथरूममध्ये बसून अंघोळीला स्टूल ठेवलं. आणि आमचे हे खुर्चीत बसून तिला गोष्टी सांगत होते. उतारावर ब्रेक निकामी झालेली बस मातीच्या ढिगाऱ्यात घालून सगळ्यांचा जीव कसा वाचवला, ती गोष्ट. एवढ्या वर्षांच्या संसारात ती मी पहिल्यांदा ऐकत होते. स्वयंपाकघरात मी दोन भांडी जरा जोरात आपटली, तर बाहेरून आवाज आला, अगं हळू, तिला ऐकू येत नाहीये.

दुसऱ्या दिवशी दांड्यांची पाळी आली. दांडीवालीची कामाची एक रीत होती. नुसत्या मोजपट्टीवर तिचा विश्वास नाही. प्रत्येकाचा हात आपापल्या ठिकाणी जातो, ती म्हणाली, आणि दांडी तिथेच हवी, नाहीतर ती टॉवेल वाळत घालायच्या कामाची. म्हणून ती तळहाताला निळ्या खडूची पूड चोळायची आणि माणसाला रोजच्यासारखं घरभर चालवायची. भिंतीवर जिथे निळं उमटेल, तिथे दांडी. तिने ह्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट पूड चोळली. मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघितलं.

मग आम्ही चाललो, रोजच्यासारखे. पलंगावरून संडासात, तिथून खुर्चीवर. दांडीवाली दिवा घेऊन भिंती बघत फिरली. एक डाग नाही. सगळ्या भिंती धुतल्यासारख्या. ती चक्रावली, ह्यांचा तळहात उलटा करून बघितला, तर पूड बरीच उडालेली. मग तिने मला धरून पाठमोरी केली. माझ्या ब्लाउजचा उजवा खांदा निळाशार झाला होता.

लेक हसून हसून खाली बसली. हेही हसले. आणि मी? माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, घे, लाव आता दांडी कुठे लावतेस ती.

दांडीवाली हसली नाही. पेन्सिल कानावर खोचून म्हणाली, “काकू, तुमच्या खांद्यात स्क्रू मारता येत नाहीत.”

मग मला खुर्चीत बसवण्यात आलं. काही झालं तरी उठायचं नाही, अशी ताकीद. ह्यांच्या हाताला पुन्हा पूड चोळली, आणि ह्यांना सांगितलं, आता एकट्याने चला, मी मागे आहे, दिवसभरात जिथे जिथे जावंसं वाटतं तिथे तिथे जा.

हे निघाले. पहिला हात भिंतीवर पडला आणि पाच बोटं उमटली. मग दुसरा, मग तिसरा. भिंतीला काय त्याचं, तिला थोडंच कळतं कोणाचा हात आहे. प्रत्येक निळा पंजा माझ्या डोळ्यात खुपत होता. लाजेची गोष्ट आहे, पण सांगते, एक क्षण मला वाटलं, ह्यांनी जरा डळमळावं. पडू नये, देव न करो, पण डळमळावं आणि मला हाक मारावी. हे हळूहळू चालत राहिले. हाक काही आली नाही.

संडासापर्यंत जाऊन परत फिरले. वाटलं, आता खुर्चीत बसतील. खुर्चीला वळसा घालून पुढे गेले. पलंगही मागे टाकला आणि स्वयंपाकघरात शिरले. तिथे ह्यांचं काय काम? धडधाकट होते तेव्हासुद्धा पाणी प्यायला कधी आत आले नव्हते, बाहेरूनच हुकूम सुटायचा. मी बसल्या जागेवरून विचारलं, कुठे निघालात म्हणून. फ्रिजवर पंजा, कपाटावर पंजा, आणि मग मागच्या दाराची कडी वाजली.

मागच्या दाराबाहेर दोन दगडी पायऱ्या आणि अंगणाचा चतकोर तुकडा आहे. दुपारी हे झोपले की मी तिथे चहाचा पेला घेऊन बसते. दिवसातला तेवढाच एक तास माझा. आणि हा माणूस माझ्या खांद्यावरून सुटल्या सुटल्या थेट घराबाहेर निघाला होता. माझ्यापासून मोकळा श्वास घ्यायला, दुसरं काय. ताकीद गेली खड्ड्यात, मी उठले आणि भांडायच्या तयारीने आत गेले.

हे चौकट धरून धापा टाकत होते. लेक आणि दांडीवाली दोन बाजूंना. दांडीवालीने विचारलं, काका, इथे कशाला यायचं असतं तुम्हाला?

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तिलाच सांगितलं. “दुपारी ही इथे बसते. हिला वाटतं मी झोपलोय. मी जागाच असतो, पेला खाली ठेवल्याचा आवाज येतो.” मग जरा दम घेऊन म्हणाले, “दीड वर्षं हिचा अंबाडा बघत चालतोय. एकदा हिच्यासमोर बसायचंय.”

लेकीला एकदम फोनमध्ये काहीतरी काम निघालं. मला कधी शब्दांची टंचाई नसते, सगळ्या आळीला माहीत आहे. पण तेव्हा मी नुसती अंगणातल्या बादलीकडे बघत उभी राहिले.

माझा चेहरा ह्यांनी पाहिला असावा. गाडी चालवणारा माणूस, बघायचं ठरवलं की सगळं दिसतं. दांडीवालीला म्हणाले, घरभर लावा काय लावायचं ते, पण इथे दांडी नको. ह्या दोन पायऱ्या मी हिच्याच खांद्यावर हात ठेवून उतरेन. माझा जीव सुपाएवढा झाला. जिंकले मी. सवतीला हवं तिथे मिरवू दे, ह्या दोन पायऱ्या माझ्या राहिल्या.

दांडीवालीने ह्यांच्याशी वाद घातला नाही. ती खाली वाकली आणि दाराच्या चौकटीकडे बघायला लागली. चौकटीच्या आतल्या बाजूला, पायरीवर उभ्या माणसाच्या कमरेशी येईल असा, एक काळपट तेलकट डाग होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

“हा कोणाच्या हाताचा?”

लेक म्हणाली, कचऱ्याची बादली घासत असेल. दांडीवाली तिच्याकडे वळलीसुद्धा नाही, माझ्याकडे बघत राहिली.

तो डाग मी साबणाने घासते, पुन्हा पडतो. आम्ही दोघं पडलो त्याच्याही आधीपासून माझी कंबर ह्या पायऱ्यांवर साथ देत नाही. रोज दुपारी पेला आधी खाली ठेवते, मग दोन्ही हातांनी चौकट धरून एकेक पाय टेकत उतरते. कोणी बघत नसतं म्हणून बरं. मी गप्प बसले असते तर पायऱ्या माझ्या राहिल्या असत्या. हे तर कबूलच होते. आणि मग एखाद्या दुपारी मी पुढे, हे मागे, माझी कंबर दगा देणार आणि दोघं दगडावर. त्यानंतर सामान, लेकीचं घर, एका खोलीत हे आणि दुसरीत मी. माझा खांदा मला किती प्यारा आहे ते मला तेव्हा कळलं.

“माझा,” मी म्हटलं.

ह्यांनी झटकन मान वळवली. मी ह्यांच्याकडे न बघता दांडीवालीलाच सांगितलं, “इथेच लाव. दोन्ही बाजूंना लाव. एक ह्यांच्या उंचीची, एक माझ्या.”

तिने खडूची डबी उघडली, माझा हात हातात घेतला आणि तळव्याला पूड चोळली. तिचे हातही ह्यांच्यासारखेच खरखरीत होते. मी चौकट धरून पायऱ्या उतरले आणि चौकटीवर उमटलेल्या माझ्या पंजावर तिने पेन्सिलने खूण केली.

दोन दिवस ड्रिल घरघरत होतं आणि मी पुसलेल्या फरशीवर पुन्हा पुन्हा धूळ पडत होती. आता सगळीकडे दांड्या आहेत. सकाळी मी सवयीने पलंगाशी जाऊन जरा वाकून उभी राहते आणि हे माझ्या बाजूने त्या निर्लज्ज सवतीला धरून निघून जातात. खांदा दुखत नाही, त्याचाच राग येतो. रोज ओल्या फडक्याने तिला पुसते, हवं त्यापेक्षा जरा जास्तच जोर लावून.

काम संपलं त्याच दुपारी मी पायरीवर बसले होते. आतून फरफटणारा पाय ऐकू आला. उठू नये म्हणून मी पदर मुठीत धरून बसले. पाय स्वयंपाकघरात आला, दारात आला. हे आपली दांडी धरून पायऱ्या उतरले आणि समोर अंगणात ठेवलेल्या स्टुलावर बसले, माझ्यापासून हातभर अंतरावर. कुठे बघावं मला समजेना. हे मात्र सरळ बघत होते. मी माझा पेला ह्यांच्या हातात दिला.

“चष्मा कधी बदललास?” ह्यांनी विचारलं.

“वर्ष झालं,” मी म्हटलं.

चहा निवून गेला तरी हे बघतच होते.