सुभेदाराचं बाळंतपण

"अहो अण्णा, हे काय लावायलाव त्याला?"

ताकाचा तांब्या घेऊन आलेली शेजारची शरणम्मा दारातच थबकली. गोरोबा ओसरीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर फडकं, फडक्यावर हातभर लांबीचं, अंगभर काटे असलेलं मातकट पिवळं जनावर, आणि त्याच्या फुगलेल्या पोटाला गोरोबा बोटानं हिंगाचा लेप लावत होता.

"हिंग हाय," तो मान वर न करता म्हणाला. "पोट धरलंय याचं. खात न्हाय की हागत न्हाय. लेकरांना न्हाय का लावत आपण?"

"लेकरांना लावतेत. सरड्याला लावल्यालं म्या तरी बघितलं न्हाय."

"सरडा म्हणू नका. सुभेदार म्हणा."

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हीही शरणम्मासारखे दारातच उभे राहाल. सुभेदार हा सरडाच, पण आपल्या बांधावरचा नव्हे. मूळ ऑस्ट्रेलियातला, बिअर्डेड ड्रॅगन जातीचा. गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि राग आला की ती फुगून काळी व्हायची, म्हणून शिवप्रसादनं त्याचं नाव सुभेदार ठेवलं. शिवप्रसाद हा गोरोबाचा एकुलता एक मुलगा. पुण्यात कंपनीत असताना त्यानं हे ध्यान पाळलं, आणि गेल्या वर्षी जर्मनीत नोकरी लागल्यावर एकही मित्र ते सांभाळायला तयार होईना. मग काचेची पेटी, दिवे, पावडरीचे डबे असा सगळा संसार गाडीत घालून तो गावी, तेरला आला आणि बापाच्या ओसरीवर उतरवून गेला. गावानं आधी घोरपड म्हणून बघून घेतलं. एकानं फॉरेस्टवाले धरून नेतील अशी भीती घातली, दुसऱ्यानं याचं तेल निघतं का ते विचारलं. गोरोबानं दोघांनाही चहा दिला नाही.

गोरोबा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. सारा जन्म खांद्यावर लांब दांड्याची चावी टाकून गल्लोगल्ली व्हॉल्व्ह फिरवले, शिव्या खाल्ल्या आणि निवृत्त झाला. सत्कारात मिळालेली शाल अजून पिशवीतच आहे. स्वभावच तसा. नळ गळायला लागल्याशिवाय वायसर बदलायचा नाही, अंगठा तुटल्याशिवाय चप्पल टाकायची नाही. बोलणंही तितकंच जपून. पाणी का आलं नाही म्हणून बायका अंगावर धावून आल्या, तरी 'येईल' यापलीकडे शब्द नाही.

पोटच्या पोराशीही तीच तऱ्हा. शिवप्रसादचा फोन आला की गोरोबा विचारायचा, "बरं हाय का?" तिकडून, "बरंय आप्पा." की लगेच, "थांब, आईकडं देतो." झालं. वर्षानुवर्षं बापलेकांचं बोलणं म्हणजे एवढंच. भांडण नव्हतं हो, काहीही नव्हतं. पुढं काय बोलायचं ते दोघांनाही कळायचं नाही. मग कडूबाई फोन घ्यायची आणि चुलीवरची आमटी आटेपर्यंत बोलायची. पोरानं काय खाल्लं, घरमालक कसाय, खोकला गेला का. गोरोबा ओसरीवर बसून सगळं ऐकायचा. पोरानं इंजिनिअरिंगला नको ती शाखा घेतली तेव्हा गोरोबा एक शब्द वाईट बोलून गेला होता. तोही कडूबाईनंच दोन्हीकडं गोड बोलून पुसून टाकला.

कडूबाई सुभेदार यायच्या आदल्या वर्षी, दिवाळीआधी गेली. साधा ताप म्हणून झोपली ती उठलीच नाही. त्यानंतर फोन आला की "बरं हाय का?" "बरंय." आणि मग दोघंही फोन कानाला लावून नुसते श्वास घेत बसायचे. "ठेवू?" "ठेव." हळूहळू फोन आठवड्यावर गेला, मग पंधरवड्यावर. गोरोबाला ते कळत होतं, पण करणार काय.

आणि मग सुभेदार आला. तिकडं दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली की इकडं उन्हं कलताना रोज व्हिडिओ कॉल. "आप्पा, खाल्लं का त्यानं?" गोरोबाला एकदम बोलायला विषय मिळाला. बिनफवारणीच्या घासातून मच्छरदाणीच्या तुकड्यानं नाकतोडे कसे धरले, मेथी कशी नाकारली अन् भोपळ्याचं फूल कसं खाल्लं, सगळं तो सांगायचा. सुभेदाराला एक खोड होती. समोर कुणी आलं की पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश फिरवायचा. "बघ बघ, राम राम घालायलाय तुला," असं म्हणत गोरोबा फोन पेटीसमोर धरायचा, आणि जर्मनीत पोरगं खळखळून हसायचं. गल्लीतल्या लोकांनी गोरोबाला इतकं बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं.

म्हणून तर हिंग. सुभेदाराच्या पोटाला काही झालं असतं, तर ते त्या मुक्या जनावरापुरतं राहणार नव्हतं.

शरणम्मानं तांब्या खाली ठेवला आणि पेटीत वाकून बघितलं. "ह्यो कोपरा कुणी उकरलाय?"

"त्यानंच. आठवडा झाला, सारखी नखं मारतंय. पोटात दुखत आसंल म्हणलं."

उमरग्याकडची ही बाई, कडूबाईची जिवाभावाची मैत्रीण. घरात कोंबड्यांचा खुराडा. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अण्णा, माझ्या कोंबड्या अंडं घालायच्या आधी अशाच येड्यावाणी जागा हुडकतेत. तुमचा सुभेदार बाईमाणूस हाय."

"आन् नर कुठं हाय मग?"

"पोल्ट्रीत कुठं कोंबडा आसतोय? तिथं अंडी न्हायती व्हय?"

 गोरोबानं ओल्या फडक्यानं हिंग पुसून काढला, सायकल घेतली आणि तेरणेच्या पात्रातली वाळू पिशवीत भरून आणली. घमेल्यात ओली वाळू घालून सुभेदाराला त्यात सोडलं. लगेच वाळू उडायला लागली. शरणम्मा म्हणाली, "तुमी भाईर बसा." आणि गोरोबा खरंच बाहेर जाऊन ओट्यावर बसला, रस्त्याकडं तोंड करून. बाईचं बाळंतपण चालू असताना पुरुषानं आत थांबायचं नसतं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांनी विचारलं, काय गोरोबा, उन्हात का बसलाव? तो म्हणाला, सहज.

बऱ्याच वेळानं शरणम्मा चौकटीत आली. "झाली मोकळी."

वाळूत पांढरी, बोराएवढी लांबट अंडी होती, विसेक तरी. सुभेदार बाजूला पडला होता, म्हणजे पडली होती. पोटाची कातडी सैल लोंबत होती.

त्या दिवशीचा फोन मात्र बघण्यासारखा होता. "शिवा," गोरोबा म्हणाला, "तुझा सुभेदार बाळंतीण झालाय." शिवप्रसाद इतका हसला की त्याच्या मागं बसलेली गोरी माणसं वळून बघायला लागली. गोरोबानं हिंगापासून सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याच्या तोंडून निघून गेलं, "तू झालास तवाबी म्या असाच भाईर बसलो व्हतो. दवाखान्याच्या पायरीवर. हातात चावी तशीच. त्या दिवशी निम्म्या गावाला पाणी सुटलं न्हाय."

पलीकडं हसू थांबलं. "हे आई कधी बोलली नाही."

"तिला कुठं दिसलं ते. ती आत व्हती."

 गोरोबाला वाटलं, आता कडूबाई असायला पाहिजे होती, नुसतं बघायला.

मग शिवप्रसाद म्हणाला, "आप्पा, ती अंडी काही फुटणार नाहीत, पोकळ असतात. टाकून द्या. पण तिला जपा, लई अशक्तपणा येतो म्हणे. कॅल्शियमची पावडर वाढवा. आणि पेटीतली ती लांब ट्यूब बदलली ना? सहा महिन्यांनी बदला म्हणालो होतो ती?"

"व्हय," गोरोबा म्हणाला.

ट्यूब बदललेली नव्हती. नवी ट्यूब कपाटात, कडूबाईच्या लुगड्यात गुंडाळून नीट ठेवली होती. जुनी चांगली लखलखीत पेटत होती. चालती वस्तू काढून टाकायची म्हणजे काय? विझली की लावू, असं त्यानं ठरवलं होतं. एवढ्या आनंदाच्या बोलण्यात ते कशाला काढा, म्हणून तो 'व्हय' म्हणाला.

अंडी त्यानं टाकली नाहीत. शरणम्मानं त्यातली दोन आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवून बघितली. कोंबडीनं ती पायानं बाहेर लोटली आणि दिवसभर रुसून बसली. बाळंतिणीला म्हणून शरणम्मा रोज शेपू आणायची, शेवग्याचा पाला आणायची. सुभेदार एखादं पान तोंडात धरायची आणि तशीच बसायची. चावायचं बळ नव्हतं. मागचे पाय थरथरायला लागले. फोन समोर धरला तरी राम राम घालायला पाय उचलेना.

"काय झालंय तिला, आप्पा?" शिवप्रसादचा चेहरा पडलेला.

"जरा दमलीय. व्हईल बरी."

दुसऱ्या दिवशी टोपलीत फडकं घालून, वर दुसरं फडकं झाकून गोरोबानं धाराशिवची बस धरली. जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, भला होता. म्हशी आणि शेळ्यांच्या रांगेतून त्यानं टोपली आत घेतली, जबडा हळूच दाबून बघितला, आणि खरं तेच सांगितलं. "आजोबा, मला यातलं फारसं कळत नाही." मग त्यानं पुण्यातल्या मित्राला फोन लावला, बराच वेळ बोलला, आणि विचारलं, "ट्यूब कधी बदलली होती?"

"पेटायली हाय की अजून."

"पेटते हो. पण तिच्यात उन्हाचा जो गुण असतो तो संपतो. मग कितीही पावडर घाला, हाडात उतरत नाही. आणि अंड्यांसाठी हिनं होतं नव्हतं ते हाडातलंच ओढून घेतलंय." त्यानं औषध टोचलं, तोंडातून घालायचं दिलं, ऊन द्यायला सांगितलं. टोपली परत देताना म्हणाला, "उशीर झालाय. पण बघू."

येताना बसमध्ये गोरोबा टोपली मांडीवर घेऊन बसला होता. खिडकीतून चैत्राचं ऊन आत येत होतं, सगळ्यांच्या अंगावर, फुकट. मांजर धरील, घार नेईल म्हणून त्यानं तिला आठ महिने ओसरीतून हलवलं नव्हतं. त्याला भडभडून आलं. शेजारच्या माणसानं विचारलं, काय नेताव? तो म्हणाला, "घरचंच हाय."

घरी येऊन त्यानं आधी नवी ट्यूब लावली. रोज सकाळी तिला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायला लागला. थेंब थेंब औषध घालायचा. सारी हयात त्यानं चावी फिरवली की कुठंतरी पाणी यायचं. इथं कुठली चावी फिरवायची ते त्याला कळत नव्हतं. 'हे जनावर गेलं तर पोरगंबी गेलं,' असं तो एकदा शरणम्माला बोलून गेला. ती शेपूची जुडी निवडत बसली.

सुभेदार गेली एका सकाळी, मांडीवरच. ऊन चांगलं अंगावर आलं होतं. गोरोबाला बराच वेळ कळलं नाही; शरणम्मानं वाकून बघून मान हलवली तेव्हा कळलं. परसात, कडूबाईनं लावलेल्या कढीपत्त्याखाली त्यानं खड्डा केला. घमेल्यातली अंडी आता पिवळी पडून चेपली होती; तीही तिच्याजवळ ठेवली आणि तेरणेची वाळू वर लोटली.

उन्हं कलली. फोन वाजला.

"आप्पा, आज कशी आहे?"

गोरोबा रिकाम्या पेटीशेजारी बसला होता. "शिवा, सुभेदार गेला."

पडद्यावर पोराचा चेहरा तसाच राहिला. मग त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही लई केलं आप्पा. दुसऱ्या कुणी एवढं केलं नसतं."

"म्या ट्यूब बदलली नव्हती."

"काय?"

"तू दिलेली तशीच व्हती कपाटात. जुनी पेटायली व्हती म्हणून... व्हय म्हणलो तुला, ते खोटं म्हणलो. डॉक्टर म्हणला त्यानंच झालं."

शिवप्रसाद बाजूला कुठंतरी बघायला लागला. तिकडं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "असू द्या." आणि आणखी थोड्या वेळानं, "जेवलात का?"

"जेवलो," गोरोबा म्हणाला. चूल पेटलीच नव्हती.

आता पुढं काही नव्हतं.  पेटीतली नवी ट्यूब नुसत्या वाळूवर पेटलेली होती. गोरोबाला त्या 'असू द्या'नंतरचं काहीतरी बोलायचं होतं, ते पुसून टाकणारं, गोड करणारं. ते त्याला कधीच आलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला.

"थांब," तो म्हणाला, "आईकडं देतो."

फोन धरलेला हात स्वयंपाकघराकडं लांब झाला आणि तसाच राहिला. फोनमध्ये आता बाप दिसत नव्हता, नुसतं स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. शिवप्रसादनंही फोन ठेवला नाही.