दहा हजार तास

भट्टी गार होती. अहल्येनं दारावर तळहात ठेवला, तो बराच वेळ उचललाच नाही.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्रयोगशाळेत ही भट्टी तेरा महिने अखंड पाचशे चाळीस अंशांवर होती. आत वीजकेंद्रातल्या वाफेच्या नळांच्या पोलादाचे तुकडे. इतकं तापलं की पोलादातले कार्बाइडचे बारीक कण विरत जातात आणि त्यांच्या जिवावर मोठे कण वाढतात. नळ किती टिकेल ते त्यावरून कळतं. हजार, तीन हजार, पाच हजार तासांचे तुकडे तिनं काढून पाहिले होते. दहा हजारांचा शेवटचा तुकडा एकतीस ऑक्टोबरला दुपारी काढायचा, आणि संध्याकाळी निवृत्त व्हायचं. तारखा तिनं मुद्दाम तशा बसवल्या होत्या. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. सणासुदीलाही ती इथं येऊन तापमान बघून जायची. या आयुधपूजेला मात्र आनेकलची भाची अनुषा हटून बसली, म्हणून ती गेली.

"कुणी बंद केली, मंजुनाथ?"

"मीच, अक्का." मंजुनाथ बारा वर्षांपासून तिचा मदतनीस. "पूजेला सगळी यंत्रं बंद ठेवायची ना. हिलाही स्वल्प विश्रांती."

"गेल्या वर्षी नाही केलीस ती?"

"गेल्या वर्षी तुम्ही राखणीला उभ्या होता. हात लावायची छाती कुणाची?" मग त्याचा चेहरा उतरला. "सगळं वाया गेलं?"

"नाही. गारव्यात कण वाढत नाहीत, विरत नाहीत. आहेत तसे राहतात. तेवढे तास धरायचे नाहीत, इतकंच."

तापमानाच्या आलेखावर भट्टी बंद असल्याचे सव्वीस तास भरले. म्हणजे आता तुकडा एक नोव्हेंबरला निघणार. राज्योत्सवाची सुट्टी, आणि ती तेव्हा इथली कुणीच नसणार.

"एकतीसलाच काढा, अक्का. दहा हजारांत सव्वीस कोण बघतंय?"

सूक्ष्मदर्शकाखाली तिलासुद्धा फरक दिसला नसता. तिनं भट्टी सुरू केली आणि नोंदवहीत लिहिलं: सव्वीस तास बंद, धरलेले नाहीत.

एकतीसला शाल मिळाली, नारळ मिळाला. ओळखपत्र परत द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी रखवालदारानं पाहुण्यांची वही पुढे केली. कुणाला भेटायचं, या रकान्यापाशी ती अडली. मग लिहिलं: दोन नंबरची भट्टी.

मंजुनाथ किल्ली घेऊन आला होता. त्यानं चिमटा तिच्या हाती दिला आणि मागे सरकला. तिनं तुकडा काढून विटेवर ठेवला आणि भट्टीचा खटका स्वतः बंद केला.

"सरी, अक्का, निघतो मग. घरी पोरं खोळंबलीत. किल्ली रखवालदाराकडे द्या."

"जा तू."

तुकडा हातात धरता येण्याइतका गार व्हायला वेळ लागणार होता. तिनं स्टूल जवळ ओढलं.