पुस्तकासह पेपर

पाटबंधारे खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याला वर चढायचं, तर व्यावसायिक परीक्षा पास व्हावी लागते. डिग्री घरच्या भिंतीवर कितीही ऐटीत लटकत असो, खातं तिला विचारत नाही. वैजयंतीची ही शेवटची संधी होती. ती हुकली की मागून नोकरीला लागलेले डोक्यावर येऊन बसणार, आणि त्यांत सगळ्यांत पुढे शेजारच्या टेबलावरचे शिवलिंगप्पा. अप्पा अक्कलकोटकडचे, वयानं मोठे, पण साखर कारखान्यात वर्षं घालवून उशिरा सरकारात आलेले. तेही याच परीक्षेला बसणार होते.

नेमकं परीक्षेच्याच आठवड्यात कालव्याला पाणी सुटलं. पाण्याची पाळी चालू असली की अभियंत्यानं आपला भाग सोडायचा नाही, हा त्या उपविभागाचा शिरस्ता. वरची गावं पाणी अडवणार, खालची गावं काठ्या घेऊन येणार, आणि दोघांच्या शिव्या खायला मध्ये कुणीतरी लागतोच. साहेबांनी दोघांना बोलावलं. एकालाच रजा देतो म्हणाले, कोणाला ते तुमचं तुम्ही ठरवा. वैजयंती तोंड उघडायच्या आत अप्पा बोलून मोकळे झाले.

"ताईंना जाऊ द्या साहेब. माज्या अजून दोन संदी हायत. दोगांचं पाणी मी बगतो की."

ही बातमी वैजयंतीच्या घरी पोचली तेव्हा तिच्या सासूबाई, गोजरबाई, भाकरी थापत होत्या. त्यांनी नाक मुरडलं. त्यांच्या मते जगात कुणी कुणाला फुकट तांब्याभर पाणीही देत नाही.

"आपलं ताट दुसऱ्याफुडं सारनारा मानूस मी तरी बगितला न्हाय. जपून ऱ्हा, बाय," त्या म्हणाल्या. वैजयंतीनं ते हसण्यावारी नेलं.

निघायच्या आदल्या दिवशी अप्पांनी आपलं नियमांचं जाडजूड पुस्तक तिच्या हातात ठेवलं. हिशेबाचा पेपर पुस्तकासह सोडवायचा असतो. पुस्तक उघडून लिहा, पण कुठल्या पानावर काय आहे ते ठाऊक हवं, नाहीतर पानं उलटण्यातच वेळ संपतो. अप्पांच्या पुस्तकात पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि समासात मराठी-कानडीची मिसळ करून लिहिलेली टिपणं. महिनाभर दुपारी डबा खाताना त्यांनी तिला याच पुस्तकावरून शिकवलं होतं. शिकवणं तरी कसलं! कुठल्या ठेकेदारानं न केलेल्या कामाचं बिल लावलं आणि ते कुठल्या नियमावर परत धाडलं, असल्या गोष्टी ते घोळवून घोळवून सांगायचे. अप्पा गप्पाच फार मारतात, असं तिला वाटायचं. तरी पुस्तक मात्र तिनं भक्तिभावानं घेतलं आणि स्वतःचं कोरं पुस्तक घरीच ठेवलं.

पुण्याच्या केंद्रावर पर्यवेक्षक बाईंनी ते पुस्तक चाळलं आणि पेपर संपेपर्यंत सरळ काढून घेतलं. हातानं टिपणं लिहिलेलं पुस्तक चालत नाही, असं सूचनापत्रावर छापलेलंच होतं. महिनाभर नियमांचा कीस पाडणाऱ्या दोघांनी तेवढा एक नियम वाचला नव्हता.

वैजयंती रिकाम्या हातांनी बाकावर जाऊन बसली. अप्पांना हे खरंच माहीत नसेल? आपण नापास झालो तर फायदा कोणाचा? सासूबाईंचं बोलणं आठवलं आणि मनात पाल चुकचुकली.

तेवढ्यात प्रश्नपत्रिका आली. पहिलाच प्रश्न ठेकेदाराच्या बिलाचा. तिला हातवारे करून सांगणारे अप्पा दिसायला लागले, ठेकेदाराची फजिती आठवली आणि तिच्या मागोमाग नियमही आला. पुढच्या प्रश्नालाही तसंच. लिहिता लिहिता तिला स्वतःची लाज वाटली. दगा द्यायचा असता, तर या माणसानं महिनाभर घसा कशाला कोरडा केला असता?

ती परतली तेव्हा अप्पा उन्हानं काळेठिक्कर पडले होते आणि त्यांचा आवाज पार बसला होता. तिच्या भागातल्या शेवटच्या गावाला त्यांनी आधी पाणी पोचवलं, स्वतःच्या गावांना नंतर, आणि त्याबद्दल यथेच्छ शिव्या खाल्ल्या होत्या. भेटल्या भेटल्या त्यांनी पुस्तक कामाला आलं का ते विचारलं. फार कामाला आलं, एवढंच ती म्हणाली.

ती पास झाली. पुढे साहेबांची बदली झाली आणि त्यांच्याच जागी उपअभियंता म्हणून तिची ऑर्डर निघाली. पेढे घेऊन ती आधी अप्पांच्या टेबलापाशी गेली. अप्पा उठून उभे राहिले. तिनं त्यांना दंडाला धरून खाली बसवलं.

"पुस्तक तेवडं आनून द्या," ते म्हणाले. "औंदा मी बसतोय. तुमास्नी लाभलं, मलाबी लाभंल."

आता गप्प राहून चालणार नव्हतं. वैजयंतीनं सगळं सांगून टाकलं. पुस्तक काढून घेतलेलं सांगितलं, आणि मनात आलेला संशयही लपवला नाही. अप्पांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"म्हंजे मी तुमाला बुडीवतच हुतो की," ते कसेबसे म्हणाले.

"पुस्तक नेलं त्यांनी, अप्पा. तुम्ही सांगितलेलं कसं नेणार? मी पास झाले ती तुमच्यामुळं."

अप्पांनी मान खाली घातली आणि धोतराचा सोगा नसल्यामुळे शर्टाच्या बाहीनंच डोळे पुसले. मग सूचनापत्र मागून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. नव्या साहेब स्टूल ओढून त्यांच्या शेजारी ऐकत बसल्या.