फेटेवाल्यापाशी थांबव

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे आणि उभ्या जन्मात मला एकही सिनेमा सलग दाखवू दिलेला नाही. नव्वद साली मी नाशिक रोडच्या कॉलनीत गोटीरामअण्णांच्या घरी आलो. कारखान्याने मला सिनेमा चालवायला घडवले होते. या घराने मात्र मला थांबवायलाच आणले असावे.

राजाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा वळ दिसला, की अण्णांचा मुलगा महेश म्हणे, "थांबव." महालामागे विजेचा खांब दिसला, थांबव. रडणाऱ्या नायिकेच्या हिरव्या बांगड्या लाल कशा झाल्या, मागे घे, पुन्हा थांबव. बटण दाबले की मी खट् करायचो आणि माझे डोके फितीच्या त्याच जागेवर घासत बसायचे. नायिका बिचारी तोंड उघडे ठेवून थरथरत राही आणि ही मंडळी शेंगा सोलत वाद घालत. माझा जीव मेटाकुटीला येई.

सगळ्यात वैताग एका जुन्या सिनेमाचा. त्याचे शूटिंग अण्णांच्या तरुणपणी चांदवडच्या कांदा बाजारात झाले होते. बैलगाडीमागच्या गर्दीत एक फेटेवाला क्षणभर दिसतो. पाहुणा आला, की अण्णा तिथे मला खट्कन थांबवत, खुर्चीतून उठत आणि पडद्यावर बोट ठेवत. "हा मी." मग बायकोकडे, रंगूबाईंकडे, बघून मिशीत हसत.

"लय रुबाबदार दिसता," असे म्हणून रंगूबाई चहा टाकायला जात. फीत झिजून फेटेवाल्याच्या तोंडाचे पीठ झाले, पण त्याचे कोणाला काय!

पुढे अण्णा गेले. दोन हजार चार साली महेशने सीडी प्लेअर आणला आणि माझी रवानगी गॅलरीत, कांद्याच्या टोपलीशेजारी झाली. भंगारवाल्याला सांगूनही झाले होते. त्यातच महेशने आईसाठी हौसेने त्याच सिनेमाची सीडी आणली.

उघड्या दारातून मला सारे दिसत होते. चित्र अगदी लख्ख होते. महेशने फेटेवाल्यापाशी थांबवले तेव्हा साधा आवाजही झाला नाही. घराण्याची खोड नातीतही उतरलेली. सृष्टी पडद्याजवळ गेली.

"बाबा, याच्या नाकावर केवढी मस आहे. आजोबांना कुठे होती?"

महेशचा चेहरा उतरला. माझा संताप संताप झाला. एवढा एकच आधार म्हातारीला उरला होता, तोही या मेल्या बारकावे शोधण्यापायी गेला.

रंगूबाई मात्र शांत होत्या. "ते नव्हतेच तिथं," त्या म्हणाल्या. "शूटिंग झालं त्या दिवशी आमची सुपारी फुटली. हे माझ्या बापाच्या ओट्यावर बसले होते. शूटिंग हुकलं म्हणून लय हळहळायचे."

"आई, मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"मी कुठं त्या फेटेवाल्याला बघत होते? खट् वाजलं की हे खुर्चीतून उठायचे. मी ह्यांना बघायची. तुझ्या नव्या पेटीत खट् वाजतच नाय. माझी जुनी पेटी आण."

महेशने मला आत आणले. माझ्यावरची कांद्याची टरफले रंगूबाईंनी पदराने झटकली. कॅसेट आत गेली, बैलगाडी आली आणि त्यांनी बटण दाबले. खट्. टीव्हीकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. फार वेळ थांबवले की मी आपोआप सुटतो, ती माझी घडणच आहे. त्या दिवशी मी होता नव्हता तेवढा जोर लावून चित्र धरून ठेवले.

तर मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात घालण्याआधी तिच्यात कोणाचे काय अडकले आहे, ते घरात एकदा विचारा. आमच्यावरची धूळ पुसा. आणि ते बटण जरा हलक्या हाताने दाबत जा. रंगूबाई रोज लावतात, आणि फेटेवाल्यापाशी फीत आता फारशी उरलेली नाही.