मला पालथी करून तर बघा!

मित्रांनो, प्रवासात न्यायची मी एक जुनी विजेची किटली. अंग स्टीलचे, मूठ दुमडणारी आणि पोटात जेमतेम दोन कप पाणी मावते. माझ्या आतच दोन छोटे कप ठेवता येतात, त्यामुळे बॅगेत मी एका स्वेटरापेक्षा जास्त जागा अडवत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण टेक्सासमधल्या अर्विंगच्या एका घरात या उन्हाळ्यात मी एकच वाद ऐकत होते : सहलीला ही किटली न्यायची की नाही? मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर वाद एका वाक्यात मिटला असता.

मला विकत घेतले दिगंबररावांनी. पुण्याच्या कारखान्यातली यंत्रे बसवून द्यायला ते देशोदेशी जात. कुठे वीज जोरदार, कुठे निम्मीच. म्हणून माझ्या बुडाखाली एक छोटा खटका आहे. त्याच्या खाचेत नाणे घालून फिरवले की बाण ११० व्होल्टकडे नाहीतर २३० कडे वळतो. बस्स, एवढेच माझे गुपित. आणि गुपित तरी कसले? बुडाखाली ढळढळीत कोरलेले आहे!

निघायच्या दिवशी दिगंबरराव बायकोला हाक मारत, "उल्का, एक नाणं दे गं." ते नाणे घेऊन ते आतल्या खोलीत जात आणि थोड्या वेळाने परत आणून देत. आत देव्हारा होता आणि बॅगही तिथेच भरलेली असे. उल्काताईंना वाटे, नाणे देवापुढे ठेवून हे प्रवासासाठी नमस्कार करतात. म्हणून त्या नाण्याला कुंकू लावून देत! ते बोलले नाहीत, यांनी विचारले नाही. माझ्या खाचेत मात्र कुंकू साठत गेले.

ते दिवस सुखाचे होते. मुलगा देवांग अमेरिकेत शिकत असताना दोघे त्याला भेटायला आले, तेव्हा नायगराच्या मोटेलमध्ये पहाटे मी खदखदत होते आणि दोघे खिडकीशी बसून चहा पीत होते; उठल्यावर देवांगलाही कप मिळाला. परत जाताना दिगंबररावांनी बाण न विसरता २३० कडे फिरवला. तो त्यांचा शेवटचा प्रवास. पुढे ते गेले आणि मी कपाटात गेले.

या उन्हाळ्यात उल्काताई एकट्याच देवांगकडे आल्या. मला स्वेटरात गुंडाळून आणले. पहिल्याच पहाटे त्यांनी मला लावले. मी जीव तोडून तापले, पण पाणी कोमटच्या पुढे जाईना. जाईल कसे? बाण २३० वर!

देवांगने मला उचलून बाजूची पुसट पट्टी वाचली. "आई, ही टू-थर्टीची आहे. इथे वन-टेन. नाही चालणार."

"अरे, हिच्यातलाच चहा तू नायगराला प्यायलास!"

"बाबांकडे कन्व्हर्टर असेल मग."

निदान बरोबर केलेस रे बाबा, आता जरा वाकून खाली बघ! पण नाही. मला ओट्याच्या कोपऱ्यात सरकवून तो ऑफिसला गेला.

मग ग्रँड कॅन्यनची सहल ठरली. चौघांना एकच खोली.

"आई, किटली नको ना पॅक करायला," सून नेत्रा म्हणाली. "हॉटेलमध्ये कॉफी मेकर असतो."

"त्या पाण्याला कॉफीचा वास येतो गं."

"मग मला उठवा. मी खालून गरम पाणी आणून देईन."

"रोज पहाटे तुला उठवू? एक कप चहासाठीसुद्धा माझं कोणावाचून अडायचं का आता?"

"आजी, इट्स लिटरली अ पेपरवेट!" नात रुही मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

उल्काताईंनी मला नेत्राकडे सरकवले. मग म्हणाल्या, "राहू दे. देऊन टाका." आणि मी दान करायच्या पिशवीत पडले. संतापाने मी उकळायचीच बाकी होते. तेही कोणी जमू देत नव्हते!

पण उल्काताईंना कळकट वस्तू कोणाला द्यायला आवडत नाही. दुपारी त्यांनी मला बाहेर काढले, लिंबाच्या सालीने घासले आणि फडक्याने पुसताना पालथी केले. एकदाचे!

खाचेत काहीतरी लाल दिसले. त्यांनी नखाने खरवडून बोट उजेडात धरले. कुंकू. मग त्यांनी चष्मा लावला. बाण वाचला, आकडे वाचले, खाचेभोवतीचे ओरखडे बघितले.

पर्समधून एक क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचे नाणे, काढून त्यांनी खाचेत घातले. टक्! बाण ११० वर गेला. थोड्याच वेळात माझे झाकण थडथडू लागले.

"अहो," त्या रिकाम्या स्वयंपाकघरात म्हणाल्या, "देवाला नाही, हिला नमस्कार चालायचा होय तुमचा! आणि मी मेली कुंकू लावून देत होते!" हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना माझा खटका दाखवला. मी सहलीला गेले, हे सांगायला नकोच. दुसऱ्या पहाटे अंथरुणातून नेत्राचा आवाज आला, "आई, मला पण अर्धा कप?" तिसऱ्या दिवशी तिनेच आधी उठून मला लावले.

उल्काताईंचा पुण्याला परतायचा दिवस आला. मला बॅगेत कोंबून चेन लावली. आणि बाण? तो ११० वरच! पुण्याच्या विजेवर मी जळून खाक झाले असते. आत मी तडफडत होते. तेवढ्यात चेन उघडली.

"आई, एक नाणं दे," देवांग म्हणाला.

उल्काताईंनी नाणे काढले, पर्समधली देवपूजेची छोटी डबी उघडली आणि त्याला कुंकू लावले.

"अगं, कुंकू कशाला? खाचेत अडकतं ते."

"अडकू दे. पुढच्याला सापडायला नको?"

मित्रांनो, मला बॅगेत घ्यायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा. फक्त टाकून देण्याआधी एकदा पालथी करून बघा. आणि घरात कोणी नाणे मागितले, तर "कशाला हो?" एवढे विचारा. नुसते कुंकू लावून देऊ नका.