ऑर्व्हिलची शेवटची काडतुसं

माझी लेक जोलीन बापाचा हट्ट आणि माझी जीभ, दोन्ही घेऊन जन्माला आली. बापाच्या रायफलीला नवी नळी बसून आली म्हटल्यावर ती बिलिंग्स शहरातून आली आणि एकच घोशा लावला: यंदाच्या शिकारीत एल्क हरीण मारीन तर बाबाने भरलेल्या काडतुसांनीच.

"अगं, ती जुन्या नळीची आहेत," मी म्हटलं.

"बाबाच्या हातची आहेत," ती म्हणाली.

माझ्या नवऱ्याने, ऑर्व्हिलने, दुकानातलं तयार काडतूस कधी घरात आणलं नाही. बिग होलच्या आमच्या खोऱ्यात हिवाळा लांबतो, बाहेर बर्फ साचलेलं असतं. अशा रविवारी आम्ही स्वयंपाकघरातलं टेबल स्वच्छ पुसायचो. रेडिओ चालू, पाय उबेला उघड्या ओव्हनच्या तोंडाशी. तो काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा ओढून पितळी पुंगळीत गोळी बसवायचा आणि त्याआधी बंदुकीची दारू तोलायची ती मी. काट्याची सुई रेघेवर येईपर्यंत चिमटीने दाणा दाणा टाकायची.

"व्हर्ना, एक दाणा कमी आहे," तो उगाच चिडवायचा.

"तो तुझ्या डोक्यातला," मी म्हणायची. किती सुखाचे दिवस होते ते! तेव्हा ते सुख आहे हेच कळलं नाही.

शेवटची दोन वर्षं मात्र त्याने सगळं सामान उचलून मागच्या शेडमध्ये नेलं. "तुझे डोळे शिणतात," म्हणाला, आणि आतून कडी लावून बसायला लागला. मला असा राग आला! जन्मभर काटा माझा, आणि आता मीच बाहेर? मीही कमी नाही, एका शब्दाने विचारलं नाही.

त्याच दोन वर्षांत त्याचे एल्क हुकले. दुसऱ्या वर्षी जोलीन सोबत होती. नर समोर आडवा उभा, आणि गोळी भलत्याच झाडाला. घरी येऊन टोपी फेकली आणि म्हणाला, "नळी गेली." स्वतः जाऊन रायफल डिलन गावच्या डेलबर्टकडे, बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, टाकली. नवी नळी बसून आली, तेव्हा ऑर्व्हिल कबरस्तानात होता.

तर जोलीन आणि मी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेलो, नेम तपासायला. तिथे आमचा शेजारी लॉइड आधीच हजर. हा ऑर्व्हिलचा लहानपणापासूनचा दोस्त, पण जिभेला हाड नाही.

"काय व्हर्ना, नवी नळी?" तो हसला. "मी म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं! नळी गेली होती की ऑर्व्हिलची नजर?"

"तुझी अक्कल गेली, ती आधी शोध," मी म्हटलं. जोलीन तर लालबुंद झाली. तिने बापाचं काडतूस आत घातलं आणि बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, जोर लावून बंद केला. मला तो जोर खटकला. तेवढ्यात लॉइड आपलं निशाण बघायला पुढे निघाला. कुणी पुढे गेलं की बोल्ट उघडायचा, हा इथला नियम. तिने उघडला, तर पुंगळी एकटीच बाहेर आली. गोळी नळीत रुतून बसली आणि दारू सगळी रायफलीच्या पोटात सांडली.

हे होणारच होतं. नळीचा घसा, म्हणजे गोळी टेकते ती जागा, वर्षानुवर्षं झिजतो, तशी ऑर्व्हिल गोळी पुंगळीतून केसभर बाहेर ठेवत गेला होता. नव्या नळीत तेवढी जागा कुठून येणार?

घरी आणून मागच्या बाजूने बोल्ट काढला, तोंडाकडून सळई घालून गोळी ठोकून काढली. मग मी निक्षून सांगितलं, सगळी काडतुसं फोडायची, आणि त्याच गोळ्या नव्या मापाने परत बसवायच्या. जोलीनचा चेहरा पडला. "बाबाने शेवटचं केलेलं काम आहे, आई."

"माहीत आहे मला. माझा नवरा होता तो."

काडतूस पोकळ हातोड्यात अडकवायचं आणि ठोकायचं, की गोळी आणि दारू सुटी होते. ती माझ्याकडे पाठ करून ओट्याशी ठोकत होती. मी टेबलावर सहज म्हणून पहिली दारू काट्यावर ओतली. सुई रेघेच्या पार खाली. दुसरी ओतली, तर पार वर. मग सगळ्याच तोलल्या. दोन सारख्या निघाल्या नाहीत. एका काडतुसातली तर इतकी जास्त होती, की ते झाडलं असतं तर रायफल जोलीनच्या तोंडावरच फुटली असती.

डेलबर्टही रायफल परत देताना म्हणाला होता, "जुनी नळी अजून बरीच वर्षं चालली असती, वहिनी." मला वाटलं, म्हातारा काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय.

माझा ऑर्व्हिल! हात थरथरायला लागले होते त्याचे, सुई दिसत नव्हती, आणि ते मला दिसू नये म्हणून कडी लावून बसत होता. वेड्या, मला सांगितलं असतंस तर मी तोलून दिली नसती का रे?

"कशी आहे गं बाबाची दारू?" जोलीनने पाठमोरीच विचारलं.

"जशी असायची तशी," मी म्हटलं, आणि सगळी दारू नेऊन अंगणातल्या फुलझाडांच्या मुळाशी ओतली. झाडांना ती मानवते.

पुढचे शनिवार आमचे खाणीतच गेले. दारू नव्या डब्यातली. थोडीशी घेऊन सुरुवात केली, मग जरा जरा वाढवत नेली. तीन गोळ्या झाडायच्या, नळी गार होईपर्यंत कॉफी प्यायची, परत तीन. तोलायला मी, दांडा ओढायला ती. आधी भोकं कागदभर पसरायची, मग जवळ जवळ यायला लागली, आणि एका सकाळी तिन्ही भोकं एकमेकांना चिकटली. जोलीन कागद फाडून धावतच लॉइडकडे गेली.

"बघा काका! गोळ्या बाबाच्याच, फक्त नळी नवी! आता बोला, नजर गेली होती की नळी? आई, तूच सांग यांना."

लॉइड माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे पापणी न हलवता बघितलं.

"नळीच गेली होती," मी म्हटलं. "हात शेवटपर्यंत दगडासारखा होता त्याचा."

लॉइडने टोपी काढली. "मग माझं चुकलंच, व्हर्ना."

"चुकलंच तुझं," मी म्हटलं.